प्रीती टिकते म्हणजे काय?

करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आपण लग्नात हमखास ऐकतो. पण पौलाने तो नवरा-नवरीसाठी लिहिला नव्हता. गट पाडून भांडणाऱ्या मंडळीसाठी लिहिला होता. तिथे प्रीतीसाठी ‘अगापे’ हा ग्रीक शब्द आहे. म्हणजे समोरच्याचं भलं करायचा निश्चय. भावना ओसरली तरी निश्चय उरू शकतो.

आता आपल्या ठाण्याकडे या. एप्रिल १३२१. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिबिलिसीचे दिमित्रियस, हे चौघे फ्रान्सिस्कन इथे मारले गेले. त्यांचे सोबती जॉर्डानस, डोमिनिकन संघाचे, तेव्हा गुजरातच्या वाटेवर होते. बातमी कळली तसे ते परतले आणि त्यांनी चौघांना सोपाऱ्याला पुरलं.

खरी कसोटी इथून पुढे. चौघांचं मरण झालं. जॉर्डानस यांच्या वाट्याला रोजचं जगणं आलं. त्यांच्या पत्रांत एकटेपणा आहे, आजारपण आहे, छळ आहे. काही लपवलेलं नाही. पण त्याच पत्रांत आणखी बंधूंना कुठे कुठे काम करता येईल, हेही ते सांगतात. पुढे १३२९ मध्ये ते कोल्लमचे बिशप नेमले गेले.

म्हणून थकवा आला की प्रीती संपली, असं समजू नका. थकल्या मनानेही कोणाचं भलं करता येतं. आपल्याच मंडळीत ज्याच्याशी बोलणं तुटलंय, त्याच्या घरी या आठवड्यात एकदा जाऊन या.