बेडक्यापासून उत्तरापर्यंत

क्षयाचा जंतू सावकाश वाढतो. ई. कोलाय हा जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला वीसेक तास लागतात. त्यामुळे रुग्णाला रिफाम्पिसिन हे क्षयावरचे औषध लागू पडेल का, हे जंतू वाढवून ठरवायचे तर आठवडे जातात. तोवर निरुपयोगी गोळ्या घेत तो खोकत राहतो आणि तोच चिवट जंतू घरच्यांपर्यंत पोहोचतो. बेंगळुरूच्या बिगटेक लॅब्जने विकसित केलेले आणि गोव्याच्या मोलबायोने बाजारात आणलेले ‘ट्रूनॅट’ हे चाचणी यंत्र ही वाटच पाहत नाही. बेडक्यातून वेगळ्या केलेल्या डीएनएचा थेंब छोट्या चिपवर सोडला, की क्षय आहे का ते तासाभरात कळते. असल्यास त्याच डीएनएचा थेंब दुसऱ्या चिपवर घालून आरपीओबी जनुकातला ८१ अक्षरांचा पट्टा तपासतात. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या सुमारे ९५ टक्के जंतूंमधला बदल एवढ्याच जागेत सापडतो.

यात नवे काय, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच शिफारस केलेले जीनएक्स्पर्ट हेच उत्तर दोन तासांत देते. खरे आहे, पण त्याला अखंड वीज आणि थंड खोली लागते. अशी सोय जिथे नाही, तिथला बेडका डबीत बंद होऊन मोठ्या गावाच्या वाटेला लागतो, आणि त्या प्रवासाचे दिवस यंत्राच्या माहितीपत्रकात कुठेच धरलेले नसतात. माझ्या मते चाचणीचा वेग रुग्णाने बेडका दिला त्या क्षणापासूनच मोजला पाहिजे. बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावते, म्हणून हा हिशेब बदलतो. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचीही शिफारस केली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चिपला नेमून दिलेल्या जागेबाहेरचे काही दिसत नाही. आफ्रिकेतल्या एस्वातिनीत त्या पट्ट्याबाहेरच्या बदलाचे जंतू जीनएक्स्पर्टच्या नजरेतून निसटले होते. शिवाय रिफाम्पिसिन लागू पडते म्हणून आयसोनियाझिड हे क्षयावरचे दुसरे औषधही पडेलच, असे नाही. यावर माझे म्हणणे एवढेच, की ही पहिली चाळणी आहे आणि तिने जंतू वाढवणाऱ्या प्रयोगशाळेची जागा घेऊ नये. याच बेंगळुरूत १९५९ पासून राष्ट्रीय क्षयरोग संस्था आहे. चिपचे उत्तर आणि रुग्णाची प्रकृती जुळत नसेल, तर नमुना तिच्यासारख्या संदर्भ प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे, आठवडे लागले तरी.