एका भरतीपुरती रत्नागिरी

रत्नागिरीत उतरलात आणि हाताशी पाच-सहा तासच असले, तर घड्याळाच्या आधी कॅलेंडरवरची तिथी बघा. मी गेलो त्या दिवशी शुद्ध चतुर्थी होती. सकाळी नऊच्या सुमाराला मांडवीच्या जेटीवर उभा राहिलो तेव्हा पाणी पार आत गेलेलं होतं. सुकती होती. इथे ओहोटीला सुकती म्हणतात आणि तो शब्द डोळ्यांसमोरच्या देखाव्याला तंतोतंत बसतो. भरती किती वाजता, हे काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनला पाणी भरणार.

लहानपणी पाऊणकी पाठ करायला लावायचे, तेव्हा तिचा समुद्राशी काही संबंध असेल असं वाटलंही नव्हतं. पण हे गणित चंद्राचं आहे. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि त्याच्या ओढीने चढणारं पाणीही रोज तेवढंच उशिरा चढतं. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं. दिवसाला पाचेक मिनिटांची चूक राहते आणि ती साठत जाते, पण पुनवेला आणि अवसेला मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, त्यामुळे चूक तासाच्या फारशी पुढे जातच नाही. अक्षरओळख नसलेल्या तांडेलालाही तोंडी करता येईल इतकं सोपं हे सूत्र आहे. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांचा सगळा हिशोब कुणीतरी एका पाढ्यात बसवून ठेवला! सुकतीपासून भरतीपर्यंत सहा तास आणि थोडी मिनिटं. माझ्याकडे नेमका तेवढाच वेळ होता.

मांडवी म्हणजे जकातीचं ठाणं. उतरलेल्या मालावर जिथे पट्टी बसायची, ती जागा. म्हणजे या गावाचा दर्शनी दरवाजा समुद्राकडे होता. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा तिचं स्टेशन गावापासून लांब, डोंगराच्या बाजूला झालं. आज आपण सगळे रत्नागिरीत मागच्या दाराने शिरतो. त्याआधीच्या पिढ्या आगबोटीने आल्या. बोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची, लोक शिडीवरून हेलकावणाऱ्या पडावात उतरायचे, ट्रंका वरून खाली यायच्या, आणि खलाशी पडाव वल्हवत किनाऱ्याला आणायचे. 'बोट लागणं' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत त्याच प्रवासांतून आला. पावसाळ्यात मात्र हे सगळं बंद. पुढे थिबा राजाची गोष्ट येईल, तेव्हा ही बंदी लक्षात असू द्या.

जेटीखाली उतरलं की वाळू काळी. ओली असताना तर शाईत भिजवून काढल्यासारखी. मी खिशात एक लहान लोहचुंबक नेला होता. तो कागदात गुंडाळून वाळूवरून फिरवला आणि उचलला, तर कागदाला बारीक काळी दाढी फुटली. हे कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या खनिजाचे. त्यांच्याच सोबतीला असतं इल्मेनाइट, लोह आणि टायटॅनियम यांचं काळंभोर खनिज, चुंबकाला जरा कमी भुलणारं. रत्नागिरीच्या आसपासच्या खाड्यांमधलं आणि किनाऱ्यावरचं हे खनिज भूशास्त्रज्ञांना चांगलं परिचयाचं आहे. आता गंमत बघा. घरांना देतात त्या पांढऱ्याशुभ्र रंगात जो टायटॅनियम डायऑक्साइड असतो, तो या काळ्या खनिजापासूनच काढता येतो. जगातल्या सगळ्यात पांढऱ्या रंगांपैकी एक रंग या काळ्या मुठीत दडलेला आहे.

किनाऱ्याच्या टोकाला रत्नदुर्ग आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, तिन्ही बाजूंनी समुद्र असलेला. वर भगवतीचं देऊळ, पलीकडच्या टेकडीवर दीपगृह. तटावर उभं राहून दोन्हीकडे पाहिलं, की दक्षिणेला काळी किनार दिसते आणि उत्तरेला मिऱ्याच्या बाजूला फिकी. लोक सरळ नावंच घेतात, काळा समुद्र आणि पांढरा समुद्र. एकाच गावाला दोन रंगांची वाळू कशी, तर लाट ही धान्य पाखडणारी बाई आहे. सुपात दाणा मागे राहतो आणि फोल उडतं, तसे इल्मेनाइटचे जड कण मागे राहतात आणि हलके कण ओढले जातात. शिंपल्यांच्या चुऱ्याच्या जवळजवळ पावणेदोन पट इल्मेनाइटचं वजन भरतं. दक्षिणेला काजळी नदी डोंगरातला गाळ आणून ओतते, आणि मध्ये हा किल्ल्याचा डोंगर समुद्रात घुसून दोन्ही बाजूंचं पाणी वेगळं ठेवतो.

तो गाळ कुठला, ते परतताना गावातल्या कुठल्याही गडग्यावर हात ठेवला की कळतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा काळा कातळ इथल्या उन्हापावसात झिजला. पाण्याने त्यातली सिलिका धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियम मागे उरलं, तो जांभा. खाणीतून काढताना चिरा इतका मऊ असतो की हत्याराने सहज तासता येतो, आणि वारा लागला की वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. घराची तांबडी भिंत आणि किनाऱ्याची काळी वाळू, दोन्ही एकाच कातळाची लेकरं.

टिळक आळीत लोकमान्यांच्या जन्मघरी आणि 1931 सालच्या पतितपावन मंदिरात जेमतेम डोकावलो. दोन्ही जागांना स्वतंत्र दिवस हवा. मला थिबा राजवाडा गाठायचा होता.

ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. सागवानाच्या व्यापारावरून इंग्रजी कंपनीशी तंटा पेटला, इंग्रजांना निमित्त मिळालं आणि नोव्हेंबर 1885 मध्ये मंडाले पडलं. थिबाला राण्यांसह आधी मद्रासला आणि मग एप्रिल 1886 मध्ये समुद्रमार्गे रत्नागिरीला आणलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. इथेच का? नकाशावर बोट ठेवून बघा. पाठीशी सह्याद्री, रेल्वे नाही, समोर समुद्र, आणि जून लागला की तोही बंद. ज्या समुद्राने हे गाव बंदर केलं, त्यानेच ते तुरुंगही केलं. पुढे 1924 ते 1937 सावरकरांना याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं, तेही उगीच नाही.

राजवाडा बांधून झाला आणि राजा तिथे राहायला आला 1910 साली, म्हणजे चोवीस वर्षांनी. अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्या, लाल भिंती, समोर उताराखाली भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडे खुला समुद्र. डिसेंबर 1916 मध्ये तो इथेच वारला. राणी सुपायालात 1919 साली रंगूनला परतू शकली, राजाचा देह मात्र इथल्याच मातीत राहिला. त्याच्या साठेक वर्षं आधी आपला शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला नेला गेला होता आणि 1862 मध्ये तिथे मेला. दोन देशांनी एकमेकांचे राजे पुरले.

त्या खिडकीपाशी उभं असताना मला नकाशावरची एक रेघ आठवली आणि अंगावर काटा आला. रत्नागिरी जवळपास 17 अंश उत्तर अक्षांशावर आहे. रंगूनही तिथेच, फरक जेमतेम पाव अंशाचा. ध्रुवतारा दोन्ही कबरींवरून क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर दिसतो. खाडीच्या तोंडाशी समुद्र पश्चिमेला पसरलेला, आणि थिबाचा देश नेमका उलट दिशेला, त्याच्या पाठीमागे. तीस वर्षं त्याच्या डोळ्यांपुढे जो समुद्र होता, तो त्याच्या घराकडे जाणारा नव्हताच.

मांडवीला परत पोचलो तेव्हा तीनला वीस मिनिटं कमी होती. सकाळी ज्या वाळूवर चुंबक फिरवला तिथे कमरेइतकं पाणी होतं. पाढा तीन म्हणाला होता, पण तो सगळ्या किनाऱ्याला एकच वेळ सांगतो; आपल्या किनाऱ्यावर खरी भरती दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, त्यामुळे रत्नागिरीत ती मुंबईच्या जरा आधी येते. जेटीच्या भिंतीवरची ओली रेघ बघत राहिलो. बराच वेळ ती वर सरकली नाही. मग तिच्याखाली दोन बोटं ओला दगड उघडा पडला आणि एक खेकडा त्यावर येऊन बसला.