अतिसूक्ष्म औषधे आणि रुग्णाची संमती

मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागास नॅनोमीटर म्हणतात. अशा मापाच्या कणांतून औषध रोगग्रस्त पेशींपर्यंत नेण्याची विद्या आता केवळ प्रयोगशाळेची राहिलेली नाही. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत घालून देण्यास अमेरिकेने १९९५ सालीच मान्यता दिली. त्यामुळे हृदयाला होणारा अपाय कमी झाला, हे निर्विवाद आहे.

परंतु या विद्येची नीती ठरवू पाहणाऱ्यांनी एक जुने प्रकरण विसरता कामा नये. १९३० च्या सुमारास 'थोरोट्रास्ट' नावाचे द्रव्य क्ष-किरण तपासणीसाठी युरोप, अमेरिका व जपानमध्ये रुग्णांना टोचले जाऊ लागले. त्यात थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असत. चित्रे सुरेख उमटत, रुग्णाला तत्काळ फारसा त्रासही होत नसे. मात्र ते कण शरीराबाहेर पडतच नव्हते. यकृतात, प्लीहेत, अस्थिमज्जेत ते ठाण मांडून बसले आणि रुग्णाच्या आयुष्यभर किरणोत्सर्ग करीत राहिले. यकृताचे कर्करोग दिसू लागले ते बहुधा वीस-तीस वर्षांनी! थोरियम किरणोत्सर्गी आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते असेही नाही.

आजचे बहुतेक कण किरणोत्सर्गी नसतात आणि पुष्कळसे शरीरात विरघळून जातात, हे मान्य. तथापि सोन्याचे कण यकृतात दीर्घकाळ साठून राहतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे.

आपल्याकडे २०१९ च्या औषध-चाचणी नियमांनुसार रुग्णास समजेल अशा भाषेत माहिती देऊन त्याची संमती घ्यावी लागते. हे योग्यच झाले. परंतु त्याच नियमांनी नीती-समितीवर चाचणीची कागदपत्रे जपण्याचे जे बंधन घातले आहे, ते चाचणी संपल्यानंतर किमान पाच वर्षांचे. जर्मनी, डेन्मार्क, जपान येथील संशोधकांना थोरोट्रास्टचे रुग्ण पुढे हुडकता आले, ते रुग्णालयांची जुनी दप्तरे शाबूत होती म्हणून. मुंबईत चाचणीत सामील झालेला धुळ्याकडचा शेतमजूर गावी परतला, की वीस वर्षांनी त्याचा माग कोण काढणार?

संमतिपत्रात 'दीर्घकालीन परिणाम अज्ञात' असे मोघम वाक्य घालून भागणार नाही. कण शरीरातून पूर्णपणे निघून जातो हे सिद्ध होईपर्यंत रुग्णाची नोंद ठेवणे व त्याची नियमित तपासणी करणे, ही चाचणी करविणाऱ्या कंपनीची जबाबदारी नियमातच लिहिली गेली पाहिजे. कंपन्या विकल्या जातात, बंदही पडतात. तेव्हा या खर्चाची रक्कम चाचणी सुरू होण्यापूर्वीच सरकारकडे अनामत म्हणून ठेवून घ्यावी.