वार्षिक शुल्क आणि प्रवास-सवलत : हिशेब कसा मांडावा?

अमेरिकेत २०१६ साली ‘चेस सॅफायर रिझर्व्ह’ हे उच्च श्रेणीचे क्रेडिट कार्ड प्रचारात आले. त्याचे वार्षिक शुल्क ४५० डॉलर होते. मात्र प्रवासखर्चापैकी ३०० डॉलर दरवर्षी खात्यात परत जमा होत. साहजिकच नियमित प्रवास करणाऱ्यावर १५० डॉलरचाच भार पडे. शुल्क २०२० मध्ये ५५० व २०२५ मध्ये ७९५ डॉलर झाले; प्रवास-सवलत ३०० डॉलरच राहिली. भार ४९५ डॉलरवर गेला.

भरपाईदाखल नव्या सवलती देण्यात आल्या. परंतु त्यांपैकी काही ठरावीक हॉटेले व उपाहारगृहांपुरत्याच असून २०२५ मध्ये सहामाहीत विभागलेल्या होत्या. मुदतीत न वापरल्यास त्या बुडतात.

सवलत म्हणजे रोकड नव्हे. जो खर्च एरवीही झालाच असता, त्यावरील सवलत तेवढी जमेस धरावी. केवळ सवलतीसाठी केलेला प्रवास खर्चाच्याच बाजूस मांडावा. देयक थकल्यास व्याजापोटी सारा लाभ नाहीसा होतो. भारतात अशा शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा करही द्यावा लागतो. म्हणून नूतनीकरणापूर्वी गतवर्षी प्रत्यक्ष वापरलेल्या सवलतींची बेरीज करावी. ती शुल्काहून कमी भरल्यास कार्ड परत करणेच हिताचे होय.