रुग्णशय्येजवळचा विवेक

अमेरिकेत परिचारिकेचा परवाना मिळण्यापूर्वी द्यावी लागणारी एनक्लेक्स ही परीक्षा १ एप्रिल २०२३ पासून ज्या नव्या स्वरूपात सुरू झाली, त्याचा रोख पाठांतरापेक्षा विवेकावर अधिक आहे. लक्षणे हेरणे, त्यांचा अन्वय लावणे, संभाव्य कारणांचा अग्रक्रम ठरविणे, उपाय योजणे, कृती करणे आणि परिणाम पारखणे, अशा सहा पायऱ्या त्यासाठी मुक्रर झाल्या असून, काही प्रश्नांत अंशतः बरोबर उत्तरासही गुण मिळतात (हे उशिराने सुचलेले शहाणपण खरे, पण न्याय्य).

उदाहरणार्थ, शस्त्रक्रियेनंतर चार तासांनी रुग्णाची नाडी ८४ वरून ११८ वर चढली आहे, लघवी तासाला २० मिलिलिटरवर आली आहे आणि तो उगाच पांघरूण ओढीत आहे, रक्तदाब मात्र ११०/७० असा शाबूत दिसतो, अशा वेळी आकुंचित रक्तवाहिन्यांनी सावरून धरलेल्या त्या आकड्यावर विसंबून जी केवळ वेदनाशामक देते ती चुकते. आणि पट्टी कोरडी असली तरी रुग्णाला कुशीवर वळवून पाठीखालची चादर चाचपणारी, तीही कोरडी निघाल्यास आतल्या रक्तस्रावाची शंका धरून शल्यविशारदास तत्काळ वर्दी देणारी विद्यार्थिनी परीक्षकाला अभिप्रेत असते.