नव्या यंत्राची वाट

"मामू, प्लेस्टेशन पाच घेऊ की सहाची वाट पाहू?" हिंगोलीहून भाच्याने फोनवर विचारलं. कवितेत वाट पाहायला पैसे पडत नाहीत. इथं प्रश्न पैशांचाच. पाच भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आलं, तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती. सोयाबीनच्या पट्टीवर ज्याचं घर चालतं, त्याला हा आकडा हसण्यावारी नेता येत नाही.

म्हणून माहिती काढली. कंपनीची खरी कमाई यंत्रावर नसते, खेळांच्या विक्रीवर असते. त्यामुळे एकच यंत्र सहा-सात वर्षं चालवतात. तिसरं २००६ ला आलं, चौथं २०१३ ला, पाचवं २०२० ला.

पुढच्याची चाहूल ऑक्टोबर २०२५ मध्ये लागली. सोनीचे मार्क सर्नी आणि चिप बनवणाऱ्या एएमडीचे जॅक हुईन यांनी तीन गोष्टी सांगितल्या. प्रकाश-सावलीचं गणित करणारा चिपमधला वेगळा भाग, कमी ठिपक्यांचं चित्र रेखीव करणारी कृत्रिम बुद्धी, आणि चिप व मेमरीतली माहिती दाबून पाठवण्याची युक्ती. नुसती ताकद वाढवली तर वीज, उष्णता, खर्च सगळंच वाढतं ना! किंमत मात्र सांगितली नाही. तारीख? 'काही वर्षांत.'

मला काळजी जुन्या तबकड्यांची. दोनच्या तबकड्या चारवर चालल्या नाहीत. हैदराबादेत बनलेला २००९ चा 'देसी अड्डा' असाच मागे राहिला. चारच्या बहुतेक तबकड्या पाचवर चालतात, हे बरं झालं.

भाच्याला म्हणालो, "बेटा, घेतलंस तर डिस्कवालंच घे. मित्रांत अदलाबदल तरी होईल."