शेकाप : ऊसपट्ट्यात आटला, खारेपाटात टिकला

प्रतिनिधी

विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) एकच उमेदवार निवडून आला, तो सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यातून. रायगड या बालेकिल्ल्यात पक्षाला खातेही उघडता आले नाही. राज्यनिर्मितीनंतर १९६२ मध्ये झालेल्या पहिल्या निवडणुकीत हाच पक्ष १५ आमदारांसह सर्वांत मोठा विरोधी पक्ष होता. शेतकऱ्यांच्या राज्यात शेतकऱ्यांचाच पक्ष एवढा का आक्रसला?

काँग्रेसमध्ये बहुजन शेतकऱ्याला स्थान उरले नाही, या भावनेतून केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी नेत्यांनी १९४७ मध्ये या पक्षाची पायाभरणी केली. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्सवादाची दिशा स्वीकारली. मात्र काही वर्षांतच जेधे व मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ मध्ये पक्षाचे ३१ आमदार निवडून आले. पण राज्य मिळाले आणि लाट ओसरली. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाने बहुजन नेतृत्वाला सत्तेची दारे उघडून दिली.

खरा घाव घातला तो सहकाराने. साखर कारखान्याचा परवाना, सरकारी भागभांडवल आणि कर्जाची हमी या सर्वांच्या किल्ल्या सत्ताधाऱ्यांकडे होत्या. ऊस वेळेवर तोडला जाणे आणि पीककर्ज मिळणे हे कारखाना व जिल्हा बँकेच्या संचालकांवर अवलंबून असे. अशा स्थितीत बागायतदाराला विरोधी पक्षात राहणे परवडणारे नव्हते. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात शेकापचा पाया ढासळत गेला.

जिथे उसाचे अर्थकारण पोहोचले नाही, तिथे मात्र पक्ष तग धरून राहिला. दुष्काळी सांगोल्यातून गणपतराव देशमुख १९६२ ते २०१४ या काळात तब्बल ११ वेळा निवडून आले. रायगडच्या भाताच्या खारेपाटात तर खोतांविरुद्धच्या लढ्याची जुनी परंपरा होती. १९३३ मध्ये चरी येथे सुरू झालेला कुळांचा संप सुमारे सहा वर्षे चालला. पुढे सिडकोने नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित केल्या, तेव्हा शेकापचे दि. बा. पाटील प्रकल्पग्रस्तांचे नेते झाले. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. या संघर्षातूनच प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना पुढे आली. २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत महामुंबई सेझवर जनमत घेण्यात आले. त्या सेझविरोधी लढ्यातही शेकापचे प्रा. एन. डी. पाटील आघाडीवर होते.

परंतु या लढ्यांच्या यशातच पक्षाची अडचण दडलेली होती. मोबदला मिळाला, भूखंड विकले गेले, इमारती उभ्या राहिल्या. पनवेल-उरणचा आजचा मतदार बहुतांशी सदनिकाधारक आहे. त्याचे प्रश्न पाणीपुरवठ्याचे आणि लोकलचे आहेत. शेती सरली, तसा शेतकऱ्यांच्या पक्षाचा मतदारही सरला. त्यातच नेत्यांची पक्षांतरे आणि घराण्यातील कलह यांची भर पडली.

आज प्रत्येक पक्षाची शेतकरी आघाडी आहे. तरीही ज्याच्यामागे कारखाना नाही, बँक नाही आणि ज्याची जमीन उद्या प्रकल्पात जाऊ शकते, अशा कोरडवाहू शेतकऱ्याची बाजू विधानसभेत कोण मांडणार? शेकापची ताकद एका आमदारावर येऊन ठेपली असताना हा प्रश्न अनुत्तरितच आहे.